अमरावती काहून दिसत नाही?

नोव्हेंबरच्या अखेरीस नववीच्या बत्तीस मुलामुलींना घेऊन आम्ही दोघे शिक्षक चिखलदऱ्याला गेलो होतो. एक गणिताचा, दुसरा भूगोलाचा. पॉइंटपर्यंत गाडी नेऊन, पाच मिनिटे उभे राहून परत फिरायचे, अशी सहल आम्हांला नको होती. पायी जायचे, वाटेत थांबत, पाहत, वहीत टिपत जायचे, असे निघण्यापूर्वीच ठरले होते.

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही पठाराच्या कडेला पोचलो. पायांखाली दरी, दरीच्या तोंडापलीकडे वऱ्हाडचा सपाट मुलूख आणि त्याच्याही पलीकडे पांढुरका धूसर पडदा. परतवाडा-अचलपूरची वस्ती ओळखू येत होती. तेवढ्यात एका मुलाने विचारले, "सर, अमरावती काहून दिसत नाही?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "पृथ्वी गोल आहे ना! अमरावती क्षितिजाच्या खाली गेली आहे." मुलांनी माना डोलावल्या आणि बत्तीस वह्यांत ते वाक्य उतरले. उत्तर शास्त्रीय वाटणारे होते. पृथ्वी गोल आहे हे खरेच आहे. पण उत्तर चूक होते, आणि ते आमच्या लक्षात आले रात्री जेवणानंतर. ते कसे चुकले आणि खरे उत्तर काय, हे सांगण्यासाठी हा लेख. असा एखादा कडा, टेकडी किंवा निदान पाण्याची उंच टाकी प्रत्येक शाळेच्या आसपास असते. त्यामुळे येथे दिलेली आकडेमोड आणि प्रयोग कोणालाही करता येतील.

डोंगर कसा आहे?

चिखलदरा हे गाविलगडच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर वसले आहे. ही सातपुड्याची दक्षिणेकडील कड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. हा डोंगर त्याच थरांचा. थर जवळजवळ आडवे असल्यामुळे माथा पसरट राहतो आणि कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तेही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून.

पठारावरून उत्तरेकडे मेळघाटात पाहिले, तर साग, ऐन, धावडा, तेंदू आणि बांबू यांनी झाकलेल्या सौम्य उताराच्या टेकड्या एकामागे एक दिसतात. दक्षिणेकडे मात्र डोंगर एकदम तुटतो. याचे कारण असे की डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मोठा प्रस्तरभंग आहे. त्याच्या उत्तरेचा भाग वर राहिला व दक्षिणेचा खाली गेला. खाली गेलेल्या खोलगट भागात पूर्णा नदी आणि तिच्या उपनद्यांनी गाळ आणून भरला. काही ठिकाणी हा गाळ शेकडो मीटर जाड आहे. म्हणून वऱ्हाडचे मैदान इतके सपाट आणि काळेभोर आहे. तेथल्या विहिरींना खारे पाणी लागणारा 'खारपाण पट्टा' याच गाळाच्या प्रदेशात येतो. कड्यावर उभे राहिले की प्रस्तरभंगाच्या दोन बाजू एकाच नजरेत येतात. फळ्यावर आकृती काढून जे समजावण्यास एक तास लागतो, ते येथे मान वळवल्यावर कळते.

नकाशावरून वाट

निघण्यापूर्वी आम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा मुलांपुढे पसरला होता. यात लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. नकाशावर दोन रेषा ५ मिलिमीटर अंतरावर असतील, तर जमिनीवर ते अंतर २५० मीटर. म्हणजे २५० मीटर चालल्यावर २० मीटर चढ. शंभर मीटरला आठ मीटर, हा चढ गप्पा मारत चढता येतो. त्याच रेषा १ मिलिमीटरवर आल्या की अंतर ५० मीटर होते आणि शंभर मीटरला ४० मीटर चढ येतो. तेथे गप्पा थांबतात. पठारावर रेषा विरळ आणि दक्षिण कडेला दाट, हे मुलांनी स्वतःच शोधले.

वेळेचा अंदाज करण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला. मेट्रिक मापांत तो साधारण असा सांगता येतो : दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आमची वाट जाऊन-येऊन ८ किलोमीटर आणि एकूण चढ २४० मीटर होता.

चालण्याचा वेळ : ८ ÷ ५ = १.६ तास (१ तास ३६ मिनिटे)
चढाचा वेळ : २४० ÷ ६०० = ०.४ तास (२४ मिनिटे)
एकूण : २ तास

प्रत्यक्षात आम्हांला सव्वातीन तास लागले, आणि त्यात कड्यावर घालवलेला वेळ धरलेला नाही. नियम एकट्या, सवयीच्या माणसासाठी आहे. गटाचा वेग म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग. शिवाय एकाच्या बुटाची नाडी सुटली तरी बत्तीस जण थांबतात. मुलांना घेऊन जाताना नेस्मिथच्या उत्तराची दीडपट ते पावणेदोनपट वेळ धरावी, असा आमचा अनुभव. नोव्हेंबरच्या अखेरीस येथे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. आम्ही मुक्कामी पोचलो तेव्हा अंधार पडायला फार थोडा अवकाश होता. मेळघाट हे १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक आहे. येथे वाघाइतकेच अस्वलाचेही भान ठेवावे लागते. म्हणून परतीची वेळ आधी ठरवावी आणि तिच्यापासून मागे मोजत निघण्याची वेळ काढावी. हा हिशेब आम्ही पुढच्या खेपेला आधी केला.

रात्रीची आकडेमोड

जेवणानंतर आमच्यातल्या गणिताच्या शिक्षकाने सहज वही ओढली. कड्यावरून क्षितिज किती दूर असते? आपण ज्या बिंदूपर्यंत पाहू शकतो, तेथे आपली नजर पृथ्वीच्या वर्तुळाला स्पर्शिका होते. स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यात काटकोन असतो. म्हणजे पायथागोरसचा सिद्धान्त वापरता येतो.

पृथ्वीची त्रिज्या 'त्रि', आपली उंची 'उ' आणि क्षितिजाचे अंतर 'अ' मानू.

(त्रि + उ)² = त्रि² + अ²
म्हणून अ² = २ × त्रि × उ + उ²

'उ' हा त्रिज्येच्या मानाने फारच लहान असल्यामुळे उ² सोडून देता येतो. त्रिज्या ६,३७१ किलोमीटर घेतली की सूत्र सोपे होते :

अंतर (किलोमीटर) = ३.५७ × √उंची (मीटर)

येथे उंची समुद्रसपाटीपासूनची नव्हे, तर समोरच्या मैदानापासूनची घ्यायची. कडा सुमारे १,१०० मीटरवर, मैदान सुमारे ३५० मीटरवर. फरक ७५० मीटर. ७५० चे वर्गमूळ २७.४, त्याला ३.५७ ने गुणले की उत्तर येते सुमारे ९८ किलोमीटर. वातावरणातील अपवर्तनामुळे प्रकाशकिरण किंचित खाली वाकतात, त्यामुळे प्रत्यक्षात हे अंतर आणखी थोडे वाढते.

नकाशावर पट्टी ठेवली. चिखलदरा ते अमरावती सरळ रेषेत ६७-६८ किलोमीटर. म्हणजे अमरावती क्षितिजाच्या खाली गेलेली नव्हती. ती क्षितिजाच्या तीस किलोमीटर अलीकडे होती. पृथ्वीच्या गोलाईचा येथे काहीही दोष नव्हता.

आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मुलांनी प्रश्न विसरून जाणे शक्य होते. उत्तर कोणी तपासणारही नव्हते. पण वह्यांत वाक्य लिहिलेले होते आणि ते आमच्या तोंडून आलेले होते. पुढे कधी एखाद्याने हेच गणित केले, तर त्याला वाटेल की गणित चुकले, कारण सरांनी तसे सांगितले होते. शिक्षकाच्या चुकीचा हाच खरा धोका. ती विद्यार्थ्याच्या बरोबर उत्तराला खोटे पाडते.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही सर्वांना एकत्र बसवले आणि सांगितले, "काल दिलेले उत्तर चुकले." फळा नव्हता, म्हणून कोळशाने फरशीवर वर्तुळ काढून सगळे गणित मांडले. क्षणभर शांतता. मग प्रश्न विचारणारा मुलगा म्हणाला, "मंग खरं काहून?"

पहिले कारण : डोळ्यांची मर्यादा

निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका कोन करणारे तपशील वेगळे ओळखता येतात. एक कला कोनाचा अर्थ असा : वस्तूच्या आकाराच्या सुमारे ३,४४० पट अंतरावर ती वस्तू एक कला इतकी दिसते. एक मीटरची वस्तू ३,४४० मीटरवर, म्हणजे सुमारे साडेतीन किलोमीटरवर, एवढी लहान होते.

आता हिशेब करा. अचलपूर चिखलदऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे २४ किलोमीटर. २४,००० भागिले ३,४४० म्हणजे ७ मीटर. साधे घर एवढे असतेच, म्हणून तेथील मोठी घरे, टाक्या जेमतेम ओळखू येतात. अमरावतीसाठी ६८,००० भागिले ३,४४० म्हणजे जवळजवळ २० मीटर. तेथील बहुतेक घरे यापेक्षा लहान, म्हणून ती सुटी दिसणारच नाहीत. पण कित्येक किलोमीटर पसरलेले शहर एक वेगळ्या रंगाचा डाग म्हणून तरी दिसायला हवे. तोही दिसत नव्हता. म्हणजे हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही.

दुसरे कारण : मधली हवा

कड्यावरून उत्तरेच्या टेकड्यांकडे पाहताना मुलांनी वहीत लिहिले होते : 'पहिली टेकडी हिरवी, दुसरी निळसर, तिसरी फिकी निळी, चौथी आभाळासारखी.' झाडे सगळीकडे तीच आहेत. रंग बदलतो तो मधल्या हवेमुळे.

हवेचे रेणू आणि हवेतील सूक्ष्म कण यांवर सूर्यप्रकाश आदळतो आणि सर्व दिशांना विखुरतो. यालाच प्रकाशाचे विकिरण म्हणतात. रेणूंसारख्या अतिसूक्ष्म कणांकडून निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे सहापट अधिक विखुरतो. आपण आणि टेकडी यांच्यामधली हवा अशा रीतीने स्वतःच उजळते. टेकडीकडून येणारा प्रकाश वाटेत कमी होतो आणि त्यावर हवेच्या निळसर उजेडाची भर पडते. अंतर वाढेल तशी टेकडी आणि आभाळ यांच्यातला फरक पुसट होत जातो. या फरकाला आपण 'उठाव' म्हणू.

उठाव ठरावीक अंतराला ठरावीक पटीने कमी होतो. समजा, एखाद्या दिवशी दर १० किलोमीटरला तो निम्मा होतो. मग :

१० किलोमीटरवर : ५० टक्के
२० किलोमीटरवर : २५ टक्के
३० किलोमीटरवर : १२.५ टक्के
४० किलोमीटरवर : ६.२५ टक्के
५० किलोमीटरवर : ३.१ टक्के
६० किलोमीटरवर : १.६ टक्के
७० किलोमीटरवर : ०.८ टक्के

उठाव सुमारे दोन टक्क्यांच्या खाली गेला की डोळ्याला वस्तू आणि पार्श्वभूमी यांत फरकच कळत नाही. म्हणजे अशा दिवशी ५५-५६ किलोमीटरपलीकडचे काहीही दिसणार नाही, आणि अमरावती त्यापलीकडे आहे. हवा याच्या दुप्पट स्वच्छ असेल, म्हणजे उठाव दर २० किलोमीटरला निम्मा होत असेल, तर ६८ किलोमीटरवर सुमारे साडेनऊ टक्के उठाव उरेल आणि शहराचा डाग दिसू शकेल. अमरावती दिसणे न दिसणे हे भूमितीवर नव्हे, तर हवेवर अवलंबून आहे. हेच आमच्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर.

वर्गात करण्याचे दोन प्रयोग

पहिला प्रयोग. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे चार-पाच थेंब ढवळा. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने विजेरीचा झोत सोडा. बाजूने पाहिल्यास पाणी निळसर दिसते, तर झोताच्या समोरून पाहिल्यास विजेरी पिवळसर दिसते. निळा प्रकाश बाजूला विखुरला गेला आणि उरलेला पिवळट झाला. दूरची टेकडी निळी का आणि मावळता सूर्य तांबूस का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच पेल्यात मिळते.

दुसरा प्रयोग. कागदावर पेनने ठळक काळा ठिपका काढून त्यावर उंच, सरळ कडांचा पेला ठेवा. वेगळ्या भांड्यात दूधमिश्रित पाणी तयार करून ते हळूहळू पेल्यात ओता. वरून पाहत राहा. ज्या क्षणी ठिपका दिसेनासा होईल, तेव्हा पाण्याची खोली मोजा. मग तेवढ्याच पाण्यात दुप्पट दूध घालून पुन्हा मोजा. खोली जवळपास निम्मी येते. हवेतील धूळ दुप्पट झाली की दृष्टीची मर्यादा निम्मी होते, तेच येथे घडते.

कधी जावे?

हे कळल्यावर डोंगरावर कधी जावे हेही ठरवता येते. हिवाळ्यात आकाश निळे असते, म्हणून दूरचे दिसेल असे आपण समजतो. पण हिवाळ्यातल्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. ही तापमानाची विपरीतता. खालची जड हवा वर चढू शकत नाही. चुलींचा धूर, शेतातला पालापाचोळा जाळल्याचा धूर आणि रस्त्यांची धूळ मैदानातच कोंडून राहते. कड्यावरून सकाळी पाहिले की हा थर तळ्यासारखा पसरलेला दिसतो आणि त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी असते. ऊन चढले की थर मोडतो, पण त्यातले कण हवेत वर पसरतात. आम्हांला दुपारी दिसलेला पांढुरका पडदा तो हाच.

पावसाळ्यात चिखलदरा ढगांत बुडालेले असते आणि दहा पावलांवरचे दिसत नाही. पण पाऊस हवेतील कण धुऊन खाली आणतो. म्हणून पावसाळा संपता संपता एखादी जोरदार सर पडून गेली आणि आभाळ उघडले, की पुढचे काही तास वर्षातले सर्वांत स्वच्छ असतात. उन्हाळ्यात सागाची पाने गळून जातात. वाटेतून जाताना झाडांमधून दूरचे दिसते हा फायदा, पण धूळ आणि वणव्यांचा धूर हा तोटा.

दुसरी खेप

पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दोन दिवसांच्या पावसानंतर आम्ही त्याच कड्यावर गेलो. मुले आता दहावीत होती, वेळ काढून अकराच जणांना येता आले. या वेळी होकायंत्र बरोबर होते. नकाशावरून अमरावतीची दिशा काढली होती : उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सुमारे १४० अंश. अचलपूर १३० अंशांवर. हात समोर ताठ धरला की मूठ साधारण दहा अंशांची असते. म्हणजे अचलपूरच्या उजवीकडे एक मूठ.

मैदान गेल्या वेळेपेक्षा कितीतरी दूरपर्यंत उलगडले होते. अचलपूरच्या टाक्या स्पष्ट होत्या. पण एक मूठ उजवीकडे, खूप दूर, जमीन किंचित फिकी दिसली, एवढेच. ती अमरावती की नुसतीच पडीक जमीन, यावर वाद झाला आणि तो मिटला नाही. आम्हीही या वेळी घाईने निकाल दिला नाही.

वनखात्याकडे आधी चौकशी करून, मुक्कामाच्या अगदी जवळच्या मोकळ्या जागी आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. अचलपूरचे दिवे लागले. आणि एक मूठ उजवीकडे, क्षितिजाशी, एक मंद पिवळसर उजेड वर आला. तारा एक कलेपेक्षा कितीतरी लहान असूनही दिसतो, कारण काळ्या पार्श्वभूमीवर तो स्वतः प्रकाश देतो. शहराचे दिवे सुटे दिसले नाहीत, पण हवेतल्या ज्या कणांनी दिवसा शहर झाकले होते, त्याच कणांवर विखुरलेल्या उजेडाने रात्री त्याची जागा दाखवली. गेल्या वर्षी प्रश्न विचारणाऱ्याने होकायंत्र पुन्हा एकदा डोळ्याशी धरले आणि म्हणाला, "एकशेचाळीस, सर."

आपल्या गावी

आपल्या जवळच्या टेकडीची पायथ्यापासूनची उंची नकाशावरून काढा आणि क्षितिजाचे अंतर मोजा. त्या अंतराच्या आतली पाच ठिकाणे निवडा : एक जवळचे, एक अगदी कडेचे, बाकीची मधली. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच जागेवरून कोणकोणती दिसतात याची नोंद मुलांना ठेवायला सांगा. आदल्या दिवशी पाऊस होता का, वारा होता का, धूर होता का, हेही लिहू द्या. वर्षाच्या शेवटी शाळेकडे आपल्या गावच्या हवेची स्वतः केलेली नोंदवही असेल.

जंगलात जायचे असल्यास वनखात्याची परवानगी आणि सोबत वाटाड्या घ्यावा. मेळघाटातले कोरकू वाटाडे झाड, पक्षी आणि वाटा यांविषयी जे सांगतात, ते कोणत्याही नकाशात नसते. कड्याच्या टोकाला मुलांना रांगेने आणि बसवून पाहू द्यावे. कड्यांना आग्या मोहोळे असतात, तेथे धूर आणि आरडाओरडा टाळावा. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे.

आणि कोणी विचारलेच, की अमुक गाव काहून दिसत नाही, तर उत्तर देण्यापूर्वी वही आणि पट्टी मागवावी.